नदीच्या अलीकडचा माशीमार

३ ऑगस्ट २००९, सोमवार. चुंगाल

पाखरांच्या वहीत माणसांबद्दल एक ओळही लिहायची नाही, हा माझा नियम. एकतीस वर्षांत अडतीस वह्या भरल्या, नियम मोडला नाही. पण येत्या तीन आठवड्यांत माणसांचंही काही टिपावं लागेल असं दिसतं, म्हणून ही वेगळी वही. पानांना आधीच क्रमांक घालून घेतले आहेत.

लिमाहून डॉक्टरबाई दुपारच्या बसने आली. यानीना साल्दान्या, वय तेहेतीस, औषधांची नव्हे, पाखरांची डॉक्टर. बसमधून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "नेयरामास्तर तुम्हीच का?" मी सहावीपर्यंत शिकलो. शिवणयंत्रं दुरुस्त करत गावोगाव हिंडतो. तरीही विद्यापीठातली माणसं माझ्याकडे येतात, मला जावं लागत नाही.

ती आली आहे पिवळ्या भुवईच्या माशीमारासाठी. मूठभर जीव, बांबूच्या जाळीत बसतो, माशी दिसली की झेप घेतो आणि परत त्याच फांदीवर येतो. तिंबाया नदीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, त्याचे पंख साधे काळपट असतात. पलीकडच्याच्या पंखांवर तांबूस पट्टे असतात. आवाजही वेगळा. आपला खालच्या पट्टीत खरखरतो, पलीकडचा बारीक शीळ घालून शेवटी थरथरतो. पुस्तकवाल्यांनी आधी या दोन जाती धरल्या, मग दोघांना एका जातीत कोंबलं, आणि आता पुन्हा वेगळं करायचं का यावर त्यांचं चाललं आहे. भांडण कसलं, तर नदीने अडवलं म्हणून ते वेगळे राहिले, की मुळातच वेगळे आहेत. एकाच रानात शेजारी राहूनही मिसळले नाहीत, तरच ते मुळात वेगळे. नाहीतर कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

नदी हीच त्यांची हद्द आहे, हे दाखवलं मी. माझा नकाशा नगरपालिकेच्या भिंतीवर काचेत लावलेला आहे, खाली 'लेओनिदास नेयरा, चुंगाल' असं लिहिलेलं. येत्या महिन्यात तो मोठा करून बसथांब्यावर लावणार आहेत.

बाई तीन आठवडे राहणार असं सांगितल्यावर माझी बायको ओतिलिया म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे गावातल्या बायका हाताने शिवणार."

५ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस डॉक्टरबाई माझ्या वह्या वाचते आहे. प्रत्येक पानाचा फोटो काढते. काल म्हणाली, "मास्तर, आमच्याकडच्या मुलांना मी हे दाखवणार. तारीख, वेळ, उंची, ढग, वारा, सगळं आहे." मी म्हटलं, नसेल तर ती नोंद नव्हे, गप्पा.

जेवताना (ओतिलियाने कोंबडीचं कालवण आणि उकडलेला मका केला होता) बाईने एक विचारलं. लिमाच्या संग्रहालयात एक पेंढा भरलेला माशीमार आहे, तांबूस पट्ट्यांचा. पायाला चिठ्ठी आहे: सप्टेंबर १९८४, उल्कुमालचं रान, नदीच्या अलीकडे, पकडणारा बी. तोक्तो, कातडी साफ करणारा एल. नेयरा. आणि त्यावर लाल शाईने लिहिलं आहे, 'स्थळ संशयास्पद'. "हे काय प्रकरण आहे?"

ओतिलिया कढई घेऊन आत गेली.

मी थोडक्यात सांगितलं. इथे सविस्तर लिहून ठेवतो.

त्या साली एक परदेशी म्हातारे प्रोफेसर आले होते. मी त्यांच्याकडे कातडी साफ करणं आणि चिठ्ठ्या लिहिणं ही कामं करायचो. बालतासार तोक्तो पाखरं पकडून आणायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान असा की धुक्यात पंधरा पाखरं वेगवेगळी सांगायचा. तो माझा कोम्पाद्रे, म्हणजे माझ्या मुलाचा धर्मपिता. माझ्या रुबेनच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानेच त्याला पाण्याजवळ धरलं होतं, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत असू.

प्रोफेसरांनी एक शिस्त घालून दिली होती. बालतासारच्या खांद्यावर खुर्जी असायची, एक पिशवी छातीवर, एक पाठीवर. पलीकडची पाखरं पुढच्या पिशवीत ठेवायची, अलीकडची मागच्या. त्या दिवशी तो पलीकडे जाऊन, दोरावरच्या पाळण्यात बसून नदी ओलांडून, उल्कुमालच्या रानातून परत आला. प्रोफेसरांनी स्वतःच्या हाताने खुर्जी रिकामी केली. मागच्या पिशवीत दोन चिमण्या, दोन्ही तीरांवर मिळणाऱ्या. पुढच्या पिशवीत हा पट्टेवाला. म्हणजे पलीकडचा. पण बालतासार म्हणाला, हा मी अलीकडे, उल्कुमालच्या बांबूत पकडला. मी चिठ्ठीवर तसं लिहिलंही, कारण पकडणारा सांगेल ते लिहायचं हे माझं काम. पण प्रोफेसरांचा विश्वास बसला नाही. नवं काही सापडलं असं दाखवायला माणसं अशा गोष्टी करतात, असं ते म्हणाले. बालतासारचं काम गेलं. प्रोफेसर पुढे बऱ्याच वर्षांनी आपल्या देशात वारले.

डॉक्टरबाईने विचारलं, "तुम्हाला तेव्हा काय वाटलं, मास्तर?"

मी म्हटलं, जे पिशवीत दिसलं तेच वाटलं. मी त्या दिवशी एक शब्दही खोटा बोललो नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

शाळेमागच्या बाईचं यंत्र. सुईचा दांडा वाकलेला. येताना बाजाराच्या गल्लीने न येता वरच्या रस्त्याने आलो. खालच्या गल्लीत कुत्री फार आहेत.

ओतिलिया दिवसभर मोजकं बोलली.

९ ऑगस्ट, रविवार

काल पहाटे डॉक्टरबाईला घेऊन उल्कुमालला गेलो. खेचरावरून साडेपाच तास. आज दुपारी परतलो. पाखरांच्या वहीत नोंद केली आहे, इथे फक्त बाकीचं.

आज सकाळी रानात धुकं होतं, बांबूवरून पाणी ठिबकत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी साध्या पंखांचा दिसला, अगदी जवळ. बाईने त्याचा आवाज टिपून घेतला. मग मला न विचारता तिने यंत्रावर पलीकडच्याचा आवाज लावला, नुसतं बघू म्हणून.

उत्तर आलं. डावीकडच्या बांबूतून, वीस पावलांवरून. बारीक शीळ, शेवटी थरथर. मग तो स्वतःच फांदीवर आला. पंखांवर तांबूस पट्टे, दोन, स्वच्छ. साध्या पंखांच्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोघं आपापल्या माश्या धरत राहिले. उंची २,६५० मीटर, वेळ ७.३२.

बाईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं लागली. नंतर तिथेच दगडावर बसून रडली थोडी, आणि हसलीही. मला आनंद झाला असं लिहायला हवं.

उतरताना ती म्हणाली, "मग तो तोक्तो खरं बोलत होता."

मी म्हटलं तसं म्हणता येत नाही. पंचवीस वर्षांत पाखरं हलतात. खाली रानं तोडली, वर ऊन वाढलं. तेव्हा नसतील, नंतर नदी ओलांडून आली असतील. हे मी उगीच म्हणालो नाही, असं घडतं.

बाईने खेचर थांबवलं. मग म्हणाली, "मास्तर, सगळं याच्यावरच आहे. आत्ताच आलेले असतील तर अजून मिसळायला वेळ मिळाला नाही, एवढंच सिद्ध होतं. पण चौऱ्याऐंशी सालीही इथेच असतील, तर पंचवीस वर्षं एकाच बांबूत राहून मिसळले नाहीत. मग दोन जाती. त्या एका कातड्याची चिठ्ठी खरी की खोटी, हे सांगू शकणारा माणूस आता तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही लिहून द्याल तेच मी छापणार."

तोक्तो आहे की अजून, असं मला तिला सांगता आलं असतं. म्हणालो नाही. ती विचारेल असं वाटलं, पण तिला वाटतं तो केव्हाच गेला. मी तसं म्हटलेलं नाही.

१० ऑगस्ट, सोमवार

निवेदनाचा कच्चा खर्डा केला. 'सदर नमुना खुर्जीच्या पुढच्या पिशवीतून निघाला, त्यामुळे त्याच्या स्थळाबद्दल खात्रीने सांगता येत नाही.' शब्दन् शब्द खरा आहे.

ओतिलियाला वाचून दाखवला. तिला लिहिलेलं वाचून दाखवायची सवय नाही मला, पण आज दाखवला. ती मका सोलत होती. म्हणाली, "पाळण्यात बसताना खुर्जी उलटी कोण करत नाही?"

मी म्हटलं, हा शास्त्राचा विषय आहे.

ती म्हणाली, "माझी आई करायची. तुझी आई करायची. छातीवर भरलेली पिशवी असली तर दोर ओढता येत नाही. आणि एकदा उलटी केली की घरी पोचेपर्यंत सुलटी करायची नाही, नदी मागे ओढते. हे लहान लेकरांना माहीत आहे, नेयरासाहेब."

मी तिला विचारलं, हे मला आजच का सांगते आहेस?

"आज तू वाचून दाखवलंस म्हणून."

११ ऑगस्ट, मंगळवार

काम नाही. पाऊसही नाही. ओतिलियाचं बोलणं तिच्या जागी बरोबर आहे, पण त्या दिवशी प्रोफेसरांनी नेमकं काय विचारलं आणि मी नेमकं काय बोललो, हे महत्त्वाचं. तेव्हा लिहूनच टाकतो.

बालतासार म्हणाला, साहेब, मी पाळण्यात खुर्जी उलटी केली होती, म्हणून पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं. प्रोफेसर माझ्याकडे वळले. त्यांना आमची बोली अर्धीच कळायची. त्यांनी विचारलं, "लेओनिदास, असं करतात का इथे?"

मी म्हणालो, "मी कधीच उलटी करत नाही."

हे खरं होतं. मी खुर्जी वापरतच नव्हतो. माझी पत्र्याची पेटी होती, कातड्यांची.

१३ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टरबाईने नववी वही समोर ठेवली. सप्टेंबर ८४, पान ६१. एक ओळ शाईने गिरवून काळी केलेली. "मास्तर, तुमच्या सगळ्या वह्यांत खोडलेली ही एकच ओळ आहे. इथे काय होतं?"

मी म्हटलं शाई सांडली.

सांडलेली शाई आडव्या रेघांत सांडत नाही, हे तिला दिसत असणारच. तिने वही अलगद मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली, जशी म्हाताऱ्या माणसाला देतात. मी चोपन्न वर्षांचा आहे.

ती गेल्यावर मी पान उजेडासमोर धरलं. त्याची गरज नव्हती. काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. 'उल्कुमाल, सकाळी ७.४०, धुकं. बांबूत दुसरा आवाज, बारीक, शेवटी थर. पलीकडचा? दिसला नाही.' बालतासारने पाखरू आणलं त्याच्या दोन दिवस आधीची ही नोंद.

मी आधी ऐकला होता. प्रोफेसरांना सांगितलं नाही, कारण नुसत्या आवाजावर ते हसले असते. मला पाखरू हातात घेऊनच त्यांच्यासमोर जायचं होतं. शनिवारी परत जाणार होतो. गुरुवारी संध्याकाळी तो खुर्जी घेऊन आला. त्याला माहीतही नव्हतं आपण काय आणलं आहे. "कोम्पाद्रे, ह्याचे पंख बघा, मजेशीर आहेत," एवढंच म्हणाला.

प्रोफेसर त्याला खोटारडा म्हणाले, त्या रात्री मी ती ओळ गिरवली. मग पुढची पंचवीस वर्षं नदीला हद्द ठरवत बसलो. परवापरवापर्यंत उल्कुमालला पुन्हा गेलो नाही. वेळ झाला नाही असं मी समजत होतो.

१५ ऑगस्ट, शनिवार

ओतिलियाला पान दाखवलं. तिने काळ्या ओळीवरून बोट फिरवलं. काय होतं, हे विचारलं नाही.

मग तिने सांगितलं. बालतासार दोन वर्षांपासून इथेच आहे, बाजाराच्या गल्लीत, त्याच्या मुलीच्या, एल्सिराच्या पावाच्या भट्टीवर. बायको वारल्यावर खालून आला. पाखरांचं काम गेल्यावर तो खाली रस्त्याच्या कामावर गेला होता, डोंगर फोडायच्या सुरुंगांवर. एकोणीस वर्षं. आता कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. ओतिलिया दर महिन्याला तिथे पनीर देते. आमच्या घरातलं पनीर इतकं लवकर का संपतं, हे मी दोनदा विचारलं होतं. रुबेनही, किनाऱ्यावरून आला की आधी आपल्या धर्मपित्याकडे जातो, मग घरी.

"सगळ्यांना माहीत होतं तर," मी म्हटलं.

"तू इथे आहेस हे त्याला माहीत होतं. तो तिथे आहे हे तुला माहीत होतं. यात आम्ही वेगळं काय लपवलं?"

उद्या सकाळी जाणार. नऊच्या प्रार्थनेच्या वेळी गल्ली रिकामी असते. सगळं कागदावर नीट मांडून घेतलं आहे, तारखांसह, दीड पान.

१६ ऑगस्ट, रविवार

गल्ली रिकामी नव्हती. पाद्री आजारी म्हणून प्रार्थना अकराला होती. एल्सिराच्या भट्टीपुढे पावासाठी रांग होती, चौदा माणसं. बालतासार भट्टीच्या उबेत खुर्चीवर बसून काटक्या एका मापाच्या तोडत होता. केस पूर्ण पांढरे. मला पाहिलं आणि उठायला लागला. मी त्याला खांद्याने बसवलं.

मी हळू आवाजात सुरुवात केली. तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि मान हलवत होता, जशी न कळलेल्या गोष्टीला हलवतात. मी कागद पुढे केला. त्याने घेतला, उलटा-सुलटा पाहिला, आणि आदराने परत दिला. तेव्हा आठवलं. याला वाचता येत नाही, म्हणून तर चिठ्ठ्या मी लिहायचो.

एल्सिरा पाव काढता काढता म्हणाली, "उजव्या कानात ओरडावं लागेल, मास्तर. मोठ्याने. तेवढं ऐकू येतं."

मी म्हटलं, आत जाऊन बोलू.

"आत पीठ पसरलंय. बोलायचं असेल तर इथेच बोला."

मग मी ओरडलो. कागदावरचं सगळं सोडून. "पाळण्यात खुर्जी सगळे उलटी करतात! मला माहीत होतं!"

रांग वळून बघायला लागली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "हे एवढं ओरडून सांगायला काय झालं? कोणाला माहीत नाही?"

"प्रोफेसरला माहीत नव्हतं!" मी ओरडलो. तिला की त्याला, मला माहीत नाही. "त्याने मला विचारलं! मी सांगितलं नाही! ते पाखरू उल्कुमालचंच होतं! मी ते तुमच्या आधी ऐकलं होतं!"

बालतासारने काटकी खाली ठेवली. बहिरी माणसं ओरडून बोलतात, तो अगदी हळू बोलला. रांगेतले लोक पुढे सरकले, ऐकायला.

"मला वाटत होतं, माझंच चुकलं."

मी कागदाची घडी घातली.

"पहिली दोन वर्षं फार चिडलो तुमच्यावर. मग म्हटलं, कोम्पाद्रे असे नाहीत. ते कधी चुकत नाहीत, आणि मला धड वाचताही येत नाही. मीच पाखरं इकडची तिकडे केली असतील. पावसात, घाईत. एकदा तसं धरलं आणि मग बरं वाटायला लागलं. पोरांनाही तसंच सांगितलं. एल्सिराला विचारा."

एल्सिरा पाठमोरी होती. ती वळली नाही, मीही विचारलं नाही.

"म्हणजे मी पाखरं इकडची तिकडे केली नव्हती."

"नाही!"

"आणि तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं."

"होतं!"

त्याने मांडीवरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "मग आता कशाला सांगता?"

मी ओरडून सांगितलं, डॉक्टरबाईंच्या लेखासाठी लागतं आहे. दोन जाती आहेत की एक, हे त्या कातड्यावर ठरणार आहे. याहून दुसरं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आत्ता लिहितानाही सुचत नाही. ते खरं होतं.

त्याने पुन्हा काटकी उचलली.

मला वाटलं होतं सांगून टाकलं की हलकं वाटेल. त्याच्याजवळ इतकी वर्षं एक निर्दोष कोम्पाद्रे होता, तो मी आज काढून घेतला. हे आधी लक्षात यायला हवं होतं. गोष्टी आधी लक्षात येणं हेच तर माझं काम.

१९ ऑगस्ट, बुधवार

डॉक्टरबाईला सगळं सांगितलं, काळ्या ओळीसकट. निवेदन नवीन लिहून सही करून दिलं. त्यात प्रोफेसरांचा प्रश्न आणि माझं उत्तर शब्दशः आहे. खुर्जीची रीत ओतिलियाने सांगितली तशी लिहिली.

बाईने विचारलं, लेखात तुमचं नाव घालावं लागेल, चालेल का. मी म्हटलं, घाला. ती म्हणाली, हा तुमचा मोठेपणा आहे. तिला तो शब्द मागे घ्यायला सांगावंसं वाटलं, पण ती तरुण आहे.

नगरपालिकेत जाऊन बसथांब्यावरचा नकाशा थांबवायला सांगितलं. कारकून म्हणाला, मास्तर, रंगाऱ्याने अर्धा रंगवलाय, नदी तर छान निळी आलीय. मी म्हटलं नदी राहू दे, हद्द पुसा.

ओतिलियाने आज पुन्हा मला अमुक आण, तमुक आण सांगायला सुरुवात केली. खालच्या गल्लीने गेलो. कुत्री दोनच आहेत, दोन्ही म्हातारी.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

संग्रहालयाशी बाईचं बोलणं झालं. लाल शेरा रद्द करणार, कातड्याला नवी चिठ्ठी बांधणार. जुनीही तशीच ठेवतात, तो तिथला नियम आहे. नव्या चिठ्ठीवर पकडणाऱ्याचं पूर्ण नाव लागेल, बापाचं आडनाव आणि आईचंही. बाईने पेन काढून विचारलं, तोक्तोच्या पुढे काय?

मला माहीत नाही. माझ्या मुलाचा धर्मपिता. त्याच्याबरोबर मी चार वर्षं रानं पालथी घातली, त्याच्या बायकोच्या हातचं जेवलो. चारशे सहा पाखरांची दोन-दोन नावं मला येतात. रुबेनच्या दाखल्यावर असेल म्हणून पेटी शोधली. तिथेही पाद्र्याने 'बी. तोक्तो' एवढंच लिहिलं आहे.

ओतिलियाला माहीत असणारच. पण ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तिथे जा."

२४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी आठ वाजता गेलो. रांगेत सहाजण. एल्सिराने मान हलवली, म्हणजे बसा. तिने मला पाव दिला नाही, सोळा तारखेलाही दिला नव्हता.

मी त्याच्या कानात ओरडलो, आईचं आडनाव. त्याने सदऱ्याच्या खिशातून ओळखपत्र काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, आणि माझ्याकडे न बघता गुडघ्यावर ठेवलं. मी लिहून घेतलं. बालतासार तोक्तो हुआचेस. दोनदा ताडून पाहिलं.

"कशाला हवंय?"

मी सांगितलं. नवी चिठ्ठी. त्यावर तुमचं पूर्ण नाव, उल्कुमालचं रान, नदीच्या अलीकडे. डॉक्टरबाई म्हणते दोन जाती ठरतील, आणि पहिला पुरावा तुमचा.

त्याने हे समजून घेतलं, तुकड्या-तुकड्याने. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने काही शब्द त्याला पुन्हा ओरडून सांगितले, माझ्यापेक्षा नीट. मग तो म्हणाला, "अजून आहेत तिथे?"

"आहेत. मी नऊ तारखेला पाहिला!"

"तशीच शीळ घालतो?"

मी हो म्हणालो. त्याने उजवा कान माझ्याकडे केला आणि थांबला. त्याला काय हवंय ते कळायला मला वेळ लागला.

मी ओठ ओले करून शीळ घातली. पलीकडच्याची, बारीक, शेवटी थरथरणारी. आयुष्यात मी लोकांसमोर कधी पाखराची शीळ घातलेली नाही. ते तमासगिरांचं काम, असं मी नेहमी म्हणत आलो. त्याचा चेहरा हलला नाही. पुन्हा घातली, अधिक जवळून. मग हात कानाभोवती धरून पुन्हा. एल्सिरा भट्टीपाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "बारीक आवाज आधी गेले त्यांचे. ते नाही यायचे आता."

रांगेत कुणीतरी हसलं. बालतासारने ओळखपत्र पिशवीत घातलं, पिशवीची घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "लोक बघतायत."

मी तरी आणखी एकदा घालून पाहिली.